आत्याला शिकवलेलं ‘अर्ली’

माझी आत्या इंग्रजी शिकली ती मटार सोलता सोलता, आणि शिकवलं मी. आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा कौतुकानं सांगून झाली आहे की मीही ती तशीच सांगत आले. पंधरा वर्षांच्या पोरीनं आत्याला पायावर उभं केलं वगैरे. खोटं त्यात काही नाही. पण मी ज्या मनानं शिकवलं ते कुणाला ठाऊक नाही, आणि आता वय असं झालंय की ते मनात ठेवून वागायचा कंटाळा येतो.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. आईबाबा दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. सकाळी चार्टर्ड बसनं जायचे ते दिवेलागणीला परत. मी रांगत होते तेव्हा बाबांची धाकटी बहीण मला सांभाळायला साताऱ्याहून आली, दोन-चार महिन्यांसाठी म्हणून, आणि राहिलीच. माझ्या वेण्या, माझा डबा, माझा ताप, शाळेतून आल्यावरची माझी चिडचिड, सगळं तिच्या वाट्याला. तिचं लग्न बघायचं राहून गेलं असं सगळे म्हणायचे. कुणी राहू दिलं ते कुणी म्हणायचं नाही. आई ऑफिसला जाऊ शकत होती ती तिच्या जिवावर, हे आम्हाला तिघांनाही कळत होतं. म्हणूनच त्याबद्दल आम्ही बोलत नसू.

मग नव्या कंपन्यांची वर्षं आली. दिल्लीला लागूनच्या गुरुग्रामला तेव्हा सगळे गुडगावच म्हणायचे. मोहरीच्या शेतांच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी एका दुपारी बातमी घेऊन आल्या. तिकडच्या एका कापड निर्यात करणाऱ्या कंपनीला फोन घ्यायला आणि पाहुण्यांना बसवायला बाई हवी होती.

“बस थोड़ी इंग्लिश चाहिए,” आंटी म्हणाल्या. “तू सारी उमर यहाँ मटर छीलेगी क्या?”

“आप लोग खाना छोड़ दो, मैं छीलना छोड़ दूँगी,” आत्या म्हणाली. पण आंटी गेल्यावर माझ्याकडे वळली. “शिकवशील मला?”

“अख्खी इंग्रजी?”

“अख्खी कशाला? एक शब्द घे आणि त्याचं काय काय होतं ते सांग. एका डाळीचं वरण होतं, आमटी होते, पुरण होतं. तसं. मग दुसरा घेऊ.”

मी ‘अर्ली’ घेतला. त्या आठवड्यात शाळेत तोच चालला होता. इमारतीच्या मागच्या अंगणात ऊन खात, मांडीवर परात घेऊन आमचा वर्ग भरायचा.

“अर्ली रायझर. लवकर उठणारा माणूस.”

“म्हणजे मी. पुढे.”

“अर्ली डिनर.”

“बातम्यांच्या आधी जेवणं. तुझ्या बाबांना जमायचं नाही. पुढे.”

“अर्ली डेज. म्हणजे आत्ताच काही सांगता येत नाही असं.”

“अजून कशात काय नाही,” तिनं लगेच मराठी केलं. तिची हीच गंमत होती. मी प्रत्येक वेळी ‘लवकर’ सांगायची आणि ती तो शब्द बाजूला सारून नेमका दुसरा आणायची. अर्ली मॉर्निंगला पहाट. उन्हाला लावायचं असेल तर कोवळं. निम्मे शब्द मला माहीतच नव्हते, मी दिल्लीत वाढलेली. शिकत कोण होतं, हा प्रश्नच होता.

बाबांनीही एकदा ऑफिसातला खाऊ आणावा तसा एक वाक्प्रयोग आणला. “ॲन अर्ली रिप्लाय इज सॉलिसिटेड,” ते चहा पिता पिता म्हणाले.

“सॉलिसिटेड म्हणजे?”

“विनंती आहे.”

“मग तोंड एवढं वाकडं कशाला करायचं, दादा? लवकर कळवा म्हणावं.”

आम्ही सगळे हसलो. तोवर तो खेळ होता.

मग एका दुपारी मी सांगितलं, “इन हर अर्ली थर्टीज. तिशीच्या सुरुवातीला असलेली बाई.”

तिचा हात थांबला. ती तेव्हा तेहेतीसची होती. साताऱ्याहून कुणी आलं की स्वयंपाकघराच्या दारात आवाज खाली घेऊन एकच वाक्य बोलायचे: तिशी उलटली हो हिची. तिला ऐकू जायचं. मलाही.

“उलटली नाही?” तिनं विचारलं.

“इंग्रजीत तेहेतीसला अर्लीच म्हणतात.”

“अच्छा,” ती म्हणाली. “परत म्हण.”

मी म्हटलं. मग तीच म्हणत राहिली, हलक्या आवाजात, तोंडात मटाराचा दाणा टाकून. मी तिचा चेहरा बघत होते. ती कुठेतरी निघाली होती. बसलेली माझ्यासमोरच होती, पण निघाली होती. त्या दुपारपासून मला भीती वाटायला लागली.

मी शिकवणं थांबवलं नाही. चुकीचंही शिकवलं नाही. फोनवर कसं बोलायचं, थांबायला कसं सांगायचं, समोरचा भराभरा बोलला तर न घाबरता परत कसं विचारायचं, सगळं घोटून घेतलं. आणि मनातून एकच मागत राहिले, तिला जमू नये. मुलाखतीच्या दिवशी गणिताच्या तासाला मी डोळ्यांसमोर आणत होते, ती खुर्चीत बसली आहे, शब्द आठवत नाहीत, साहेब घड्याळ बघतोय. मला त्यात सुख वाटत होतं. ती रडवेली घरी येईल, मी तिला चहा करून देईन, इथपर्यंत मी रंगवलं होतं.

ती आली ती उड्या मारतच.

“मला विचारलं, कधीपासून येऊ शकाल? मी म्हटलं, ॲट द अर्लिएस्ट!” जेवताना तिनं तो साहेब, त्याचा टाय, तिथलं गार पाण्याचं मशीन, सगळं सांगितलं. मग एकदम म्हणाली, “तर मग... जाऊ ना मी?”

बाबा ताटाकडे बघत म्हणाले, “जा की. विचारायचं काय त्यात?”

“जायलाच हवं तुम्ही,” आई म्हणाली. “आमच्यापायी किती दिवस?”

आत्यानं माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं.

“जा,” मी म्हटलं आणि भात कालवत राहिले.

सुरुवातीला ती घरूनच जायची. धौला कुआँच्या चौकात कंपनीची बस यायची. मग अंधार पडल्यावर परत येणं अवघड व्हायला लागलं आणि तिनं गुडगावातच खोली घेतली. रविवारी यायची, हातात मिठाईचा डबा, पाहुण्यासारखी. आई तिला स्वयंपाकघरात येऊ द्यायची नाही, “तुम्ही बसा, दमून आलात.” मी अभ्यासाचं निमित्त करून आत राहायची. शाळेतून आले की कुलूप मीच उघडायची आता. आत शिरून आधी तिची गादी असायची त्या कोपऱ्यात जाऊन बसायची. तिच्या केसांच्या तेलाचा वास तिथल्या भिंतीला होता. पुढे रंगकाम झालं. मी अजूनही कुणाच्या घरी तसा वास आला तर बोलता बोलता थांबते.

आत्यानं नंतर त्याच गावात छोटा फ्लॅट घेतला, एकटीनं. लग्न केलं नाही. कामावर खूप वर चढली. मीही लग्नानंतर गुरुग्रामलाच आले. आम्ही दोघी एकमेकींपासून फार लांब नाही, पण महिना-महिना भेट होत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडे आली होती. माझी मुलगी शिकायला परदेशी जाऊन थोडेच दिवस झाले होते.

“एअरपोर्टवर रडलीस?” आत्यानं विचारलं.

“छे. हसत पाठवलं. उगीच पोरीचा पाय कशाला अडकवायचा?”

“तुमच्या सगळ्यांचं हे असंच,” आत्या एवढंच म्हणाली.

मला काय झालं माहीत नाही. मी तिला सांगून टाकलं. मुलाखतीत तू नापास व्हावीस म्हणून मी प्रार्थना करत होते. तू तिथे अडखळतेयस असं डोळ्यांसमोर आणत होते. मला वाटलं तिचा चेहरा पडेल. तिचे डोळे भरून आले, पण भलत्याच कारणानं.

“खरंच?” ती म्हणाली. “तुला मी जायला नको होते?”

“नको होतीस.”

“अगं, मग म्हणायचं नाही का? किती वर्षं मला वाटत आलं, यांना मी अडचण झाले होते. नुसतं ‘जा, जा’ सगळे. कुणाच्या तोंडून एकदा ‘नको जाऊस’ निघालं नाही. मी गेलेच असते गं. थांबले नसते. पण कुणीतरी म्हणायला हवं होतं.”

आम्ही तिला मोकळं सोडत होतो. निदान आईबाबा तरी. मनातलं मनात ठेवून कुणाला न अडवणं हीच आमच्या घरातली माया होती, आणि ती तिच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती.

खाली तिची कॅब आली. ती उठली, शाल घेतली, दारात सॅंडल घालायला वाकली. गुडघा धरून वाकते आता.

“आत्या,” मी म्हटलं, “जाऊ नकोस.”

“आत्ता? वेडी आहेस का? गाडी उभी आहे.” एक पट्टा लावून ती तशीच राहिली. मग वर न बघता म्हणाली, “परत म्हण बरं.”

मी परत म्हटलं.

तिचा फोन वाजला. तिनं कानाला लावला, दुसरा हात भिंतीला टेकलेला. “हाँ भैया,” ती म्हणाली, “आ रही हूँ. बस दो मिनट रुकिए.”