पालथा हात

"गार हाये. चला."

गाडी कुठंही थांबली की तो उतरायचा, चारही चाकांपाशी वाकायचा, उजवा हात पालथा करून चाकाच्या मधोमध टेकवायचा आणि असं म्हणायचा. पेट्रोल पंप असो, भाजीबाजार असो की हॉस्पिटलचं फाटक. लोक बघायचे. त्याला फरक पडत नव्हता.

तुम्ही म्हणाल, वेडा होता. नव्हता. तो वर्ध्याकडचा, मी भुसावळकडचा. दोघंही रेल्वेत, बदलीनं जयपूरला आलो आणि रिटायर झाल्यावर मुरलीपुऱ्यात एकाच गल्लीत राहिलो. मी रुळांवर हातोडा मारणारा, चौथी शिकलेला. तो डबे तपासणारा. गाडी स्टेशनात लागली की हा डब्यांच्या कडेनं चाकांना पालथा हात लावत जायचा. बेरिंग बिघडलं की त्याची पेटी तापते. तळहात राबून जाड झालेला असतो, त्याला ऊब कळत नाही. पालथ्या हाताला कळते. त्याच्या हाताखालून तापलेला डबा कधी पुढं गेला नाही. हे तो सांगायचा, आणि ते खरं होतं.

मोटार घेतली ती वहिनींसाठी, त्याच्या बायकोसाठी. त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा मालवीय नगरच्या बाजूला डायलिसिसला न्यावं लागायचं. खेप चुकली की अंगात पाणी साचायचं, श्वास लागायचा. "रिक्षावाल्याच्या भरवशावर नाही ठेवत मी हिले," म्हणाला, आणि जुनी छोटी गाडी घेऊन आला.

रविवारी सकाळी गल्लीत मागची चाकं उतरवायचा. बेरिंग रॉकेलमध्ये धुवायचा, जुन्या बनियननं पुसायचा, आणि तळहातावर नवं ग्रीस घेऊन करंजीत सारण भरावं तसं दाबत दाबत भरायचा. मी ओट्यावर बसून बघायचो. वहिनी दारात खुर्ची टाकून बसायच्या.

"झालं का नाडी पाहून?" त्या विचारायच्या. "माही नाडी कधी अशी पाह्यली नाही तुमी."

"तुह्या नाडीले डाक्टर हायेत. हिले कोन हाये?"

त्या थंडीत पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. घूं घूं. वेग वाढला की आवाजही वाढायचा. मी मागच्या सीटवर होतो. म्हटलं, "बेरिंग बोलतंय. बदलून घे."

त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला, हात लावला. "गार हाये."

"अरे, मोटारीचं तसं नसतं. ती आधी ओरडते, तापते शेवटी."

"भाऊ, हातोडा तुमचा. बेरिंग माहं."

तरी नाक्यावरच्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं चाक जॅकवर उचललं, वरखाली धरून हलवलं. खटखट वाजलं. "बाऊजी, बेरिंग गयी. इसमें ग्रीस-व्रीस नहीं भरता, मशीन से दबाकर नयी डलेगी. आज गाडी छोड जाओ."

"हाथ लगाके देखो. ठंडा है."

"बाऊजी, ये रेल नहीं है."

हे ऐकलं आणि त्यानं तिथल्या तिथं गाडी जॅकवरून उतरवून घेतली. मिस्त्रीनं ते बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी मी परत सांगायला गेलो तर मला म्हणाला, "तुमी बसू नका माह्या गाडीत." मी नाही बसलो. मीही काही कमी नाही. गल्लीत समोरासमोर आलो तरी माना वळवायचो.

मग एका सकाळी त्याचा फोन आला. "भाऊ, चाक धरलं. सीकर रोडवर." एवढंच.

मी ऑटो करून गेलो. गाडी कडेला तिरपी उभी, जळक्या ग्रीसचा वास, बाजूनं ट्रक जाताहेत. वहिनी पुढच्या सीटवर, तोंड उघडं, श्वास वर चढलेला. हा चाकापाशी उकिडवा बसलेला. त्यानं हात लावला होता. पालथ्या हाताची सालं निघाली होती, आणि तरी तो तिथंच बघत होता.

"तापलं ना?" वहिनी म्हणाल्या. एकेक शब्द तोडून. "मंग आता राहू द्या. चला."

ऑटोतून पोहोचलो तेव्हा त्यांची वेळ टळून गेली होती, मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं. दुसरं मोकळं होईपर्यंत त्या बाकावर धापा टाकत बसल्या. संध्याकाळी लावलं, पण घरी सोडलं नाही. त्या आठवड्यातच गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, कधीही झालं असतं. खरं-खोटं मला कळत नाही. त्यानं तर विचारलंच नाही.

त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती. त्या गेल्या तेव्हा वॉर्डात त्यानं डावा हात पालथा केला, वहिनींच्या गालाला लावला. मग मानेला. मग परत गालाला. डाव्या हाताला ती सवय नव्हती. मी बाजूला उभा होतो.

तेरवीनंतर त्यानं बेरिंग बदललं. मिस्त्रीकडे दिवसभर स्टुलावर बसून राहिला. गाडी घरी आणली, आवाज अजिबात नाही, आणि लिंबाखाली उभी केली ती केलीच. पुढं मुलगा त्याला नागपूरला घेऊन गेला. जाताना त्यानं माझ्याकडे किल्ली दिली. मला मोटार चालवता येत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

आता मे महिना आहे. लिंबाची सावली सकाळीच सरकते आणि दिवसभर गाडी उन्हात असते. मधूनमधून त्याचा फोन येतो. बाकी काही बोलत नाही.

"भाऊ, चाकं पाह्यता का?"

"पाहतो."

"हात लावून?"

"हात लावून."

"कशी हायेत?"

काल दुपारीच मी हात लावला होता. जागची न हललेली गाडी, पण चाकाला हात टेकवत नव्हता.

"गार आहेत," मी म्हणतो.

पुढचं 'चला' तो म्हणत नाही. फोन ठेवतो.