बुडवायच्या जहाजाला माझा पाठिंबा

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गावाने ठरवलं, की एक जुनी फेरीबोट घ्यायची, घासूनपुसून लख्ख करायची आणि सरोवरात बुडवायची. तिच्यावर शिंपले धरणार, मासे येणार, आणि ते बघायला हौशी पाणबुडे येणार. खर्च नगरपालिकेचा, म्हणजे आमचाच. गावातला पोहण्याचा तलाव लॉकडाऊनमध्ये बंद झाला तो बंदच होता. त्याच्या दुरुस्तीला मात्र याच नगरपालिकेकडे पैसे नव्हते.

माझं डोकं फिरलं. ऑफिस घरातच आलंय तर मोठं घर घेऊ, म्हणून आम्ही शहरातला बुइटनव्हेल्डर्टचा फ्लॅट सोडून झीलंड या पाण्याने वेढलेल्या डच प्रांतात आलो होतो. मागच्या दारापासून वीस पावलांवर कालवा. सात वर्षांची लेक आदल्या हिवाळ्यात सायकलसकट त्यात गेली होती. पाणी तिच्या कमरेएवढंच होतं, म्हणून निभावलं. नवरा आणि मी, दोघांचीही पोहण्याच्या नावाने बोंब. त्या दिवसापासून मला त्या पाण्याची भीती बसली होती.

नगरपालिकेने ऑनलाइन सभा ठेवली. बोलणाऱ्याला तीन मिनिटं. जहाज नको, आधी तलाव उघडा, असं मी डचमध्ये भाषण लिहिलं आणि नवऱ्यासमोर घड्याळ लावून म्हणून दाखवलं.

"दोन पन्नास. परफेक्ट," तो म्हणाला. "फक्त भांडू नकोस."

भांडायचा प्रश्नच नव्हता. मी मराठी मंडळाच्या कार्यक्रमांची कायमची निवेदिका. माइक हातात आला की आधी मान्यवरांचे आभार. ते मी घड्याळात धरलेच नव्हते. आभार कुणी भाषणात मोजतं का? सभेच्या दिवशी साडी नेसून लॅपटॉपसमोर बसले आणि सुरू झाले. अध्यक्षबाईंचे आभार, सदस्यांचे आभार, लिंक पाठवणाऱ्या कारकुनाचे आभार, एवढ्या साथीतही सभा घेतल्याबद्दल सगळ्यांचे पुन्हा एकदा आभार. मग पाणबुड्यांच्या उत्साहाचं मनापासून कौतुक, कारण समोरच्याला आधी हार घालायचा आणि मग सोलायचं, ही आमची पद्धत. "परंतु," असं म्हणाले आणि माझा आवाज बंद झाला. तीन मिनिटं संपली होती.

अध्यक्षबाई हसून म्हणाल्या, "आमचे इतके आभार आजवर कुणी मानले नव्हते."

मी जिवाच्या आकांताने हात हलवले. त्यांनीही हलवला.

आठवड्याने इतिवृत्त आलं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: प्रस्तावाला पाठिंबा. मी खरमरीत मेल टाकली, पण तोवर जहाज मंजूर झालं होतं. नवरा दोन दिवस माझ्याशी फार जपून बोलत होता.

त्याच उन्हाळ्यात बोट बुडवायच्या समारंभाचं आमंत्रण आलं. पाठिंबा देणाऱ्यांना अगदी धक्क्याच्या कडेला उभं केलं होतं. मी लेकीचा हात घट्ट धरून उभी. बोट बुडबुडे काढत खाली गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र रडू येत होतं, रागाने आणि स्वतःच्या मूर्खपणाने.

अध्यक्षबाई टाळ्या वाजवतच जवळ आल्या. इथे लहान मूल दिसलं की पोहण्याच्या परीक्षांचं विचारतातच. "तुझे किती डिप्लोमा झाले?" त्यांनी लेकीला विचारलं.

"एकपण नाही," ती डचमध्ये म्हणाली. "तलाव बंद आहे ना."

बाईंच्या टाळ्या थांबल्या. त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलं आणि कोरोनाचं दीड मीटरचं अंतर विसरून लेकीचा दुसरा हात धरला.