तीन हातांचा पाहुणा

बोईसरला कोणी विज्ञानकथा लिहितो म्हटलं, की लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करत! त्यामुळे आमच्याकडे कथा कमी आणि किस्सेच जास्त साठले. ऐंशीच्या दशकात मी इथल्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. जवळच्या पाम गावचे सावे मास्तर आणि मी, दोघांनी मिळून 'विज्ञानकथा मंडळ' काढलं. हेतू एकच, समाज बदलायचा. समाजाला तसं कळवलं नव्हतं.

*

पहिलं वाचन बेटेगावला. कथेत भाताची आवणी करणारा यंत्रमानव होता. सगळं शेत एकटाच लावायचा. मी मोठ्या ऐटीत कथा संपवली. मागून एका आजीनं विचारलं, "गानी म्हनतो का तो?"

नाही म्हणालो.

"मंग आवनीला काय कामाचा?"

घरी येऊन मी मुकाट्यानं यंत्रमानवाच्या तोंडी गाणी घातली.

*

कॉलनीच्या गणपतीला मी हट्टानं अंतराळयानाची आरास करायला लावली. पत्रे, बेगड, लुकलुकते दिवे. एका काकूंनी शंका काढली, की बाप्पा देव आहेत, त्यांना तिथे हवा नसली तरी चालेल. पण उंदराचं काय? ते सगळ्यांना पटलं. उंदराला प्लॅस्टिकच्या बरणीचं हेल्मेट चढलं. पार पालघरहून लोक आले, ते उंदीर बघायला. यानाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

*

मग नाटक. सावे मास्तर अंगावर पत्र्याचे डबे चढवून यंत्रमानव झाले. ऐन प्रवेशात वाक्य विसरले आणि ताठ उभे राहिले. विंगेत मी घामाघूम, आणि समोर टाळ्या! लाईट गेल्यावर यंत्र कसं बंद पडतं, ते मास्तरांनी हुबेहूब दाखवलं म्हणे.

परतताना मास्तर म्हणाले, आता पुरे. पुढच्या कथेचा एका तरी माणसावर परिणाम दिसू दे, नाहीतर मंडळ बंद. मंडळ गेलं तर माझ्या कथा ऐकणार कोण? बायकोनं आधीच हात जोडले होते.

*

ते वाचन डोंगराकडच्या एका वारली पाड्यावर झालं. कथा माझी सर्वांत लाडकी. तीन हातांचा परग्रहवासी पृथ्वीवर येतो, त्याच्याशी कोणीच बोलत नाही, तो एकटाच परत जातो. संपल्यावर लोक उठून आपापल्या कामाला लागले. अगदी पुढे बसलेली पाड्यावरची कमळीबाई तर मधेच उठून गेली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

उन्हाळ्यात आम्हा दोघांना कमळीबाईच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं. गेरूच्या भिंतीवर तिनं तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढला होता. बाजूला तारपानाच, हातात हात धरून वळत गेलेली माणसांची रांग. त्या रांगेत एकजण जरा वेगळा दिसला. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तीन हात!

"कमळीबाई, हा तर परत गेला होता," मी म्हणालो.

"कोनी बोलावला नाय म्हनून गेला. आमी बोलावला."

त्याचे दोन हात शेजारच्यांनी धरले होते. तिसरा रांगेबाहेर, मोकळाच. तो कशाला, असं मास्तरांनी विचारलं.

कमळीबाईनं आमच्या दोघांच्या इस्त्रीच्या पँटींकडे पाहिलं.

"तुमाला नाचता येत नाय ना, भाऊ? तो तुमच्यासाठी हाय."