उसवामावशी

उसवामावशींना मदत केलेली खपायची नाही. काळेवाडीतल्या माझ्या बालवाडीत त्या मुलांना शिवण शिकवायच्या. बोथट सुई, जाड लोकर आणि गोणपाटाचे तुकडे, एवढंच सामान. एखाद्या पोराचा गुंता बघून मी सहज एक टाका घालून दिला, की मागून हात यायचा आणि तो टाका निघायचा. "पोराचं हाय ते, तुमचं न्हाई." म्हणून हे नाव पडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

त्या मूळच्या इथल्याच. शेतं गेली, इमारती आल्या, मावशींचा हट्ट तेवढा शिल्लक राहिला. शिफ्ट संपवून थेट आलेले मुलांचे वडील मला विचारायचे, "मॅडम, पोरगं एबीसीडी कधी लिहिणार?" मी काही बोलायच्या आत मावशी सांगून मोकळ्या, "बोटं वळू द्या आधी. घाई काय हाय?" घाई मला होती. पलीकडच्या गल्लीत दुसरी बालवाडी निघाली होती आणि आमची मुलं तिकडे जायला लागली होती.

प्रदर्शनाच्या वेळी तर त्यांनी कहर केला. मुलांनी शिवलेल्या पिशव्या इतक्या वेड्यावाकड्या होत्या, की आदल्या दिवशी मी आणि मदतनीस ताईंनी बसून त्या नीट केल्या. सकाळी पाहुणे यायच्या आत मावशींनी आमचे सगळे टाके उसवून ठेवले. मी हात जोडले. "मावशी, आजचा दिवस तरी."

"आज तर न्हाईच. आईबाप बघणार हायेत."

मला अजूनही वाटतं, त्या दिवशी माझंच बरोबर होतं.

त्याच वर्षी आमच्याकडच्या स्वराला वाकडच्या मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला नाही. मुलाखतीत तिला स्वतःचं नाव लिहिता आलं नव्हतं. तिची आई चाकणला कंपनीत कामाला. ती दारातूनच कडाडली, "वर्षभर गोणपाट शिवत बसवलंत माझ्या पोरीला." मावशी लोकर गुंडाळत राहिल्या. माफी मी मागितली, दोघींच्या वतीने.

काही महिन्यांनी तीच आई पुन्हा आली. उजव्या हाताला प्लॅस्टर. कंपनीत हात मशीनमध्ये सापडला होता. नवरा पहाटेच शिफ्टला जातो. ड्रेसची बटणं स्वराच लावून देते, म्हणाली. "माझी वेणीपण घालते, मावशी. वाकडी येते, पण सुटत नाही." बोलता बोलता तिला रडू आलं. मला वाटलं, आता तरी मावशी हसतील. त्यांनी ती वेणी हातात घेऊन बघितली.

"कुणाकडनं नीट करून घेतली न्हाई ना?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

पुढे सुई दिसेनाशी झाली तशा त्या आपणहून थांबल्या. मी निरोप समारंभ ठेवला, त्याला आल्या नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या.

आता बालवाडीत छापील वर्कशीट आहेत. पालक खूश आहेत. परवा सुटताना एक मुलगा बुटाच्या पट्ट्याशी झटत होता. बाहेर व्हॅनवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. तिथूनच ओरडला, "मॅडम, द्या ना लावून, उशीर होतोय." मी वाकलेही होते. मग तिथेच पायरीवर त्या मुलाशेजारी बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. हॉर्न वाजत राहिला.