उज्जैनचं खारं पाणी

रत्नागिरीहून निघताना मी सुका जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) पिशवीत घेतला. प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळला होता, तरी मुंबईच्या पुढे समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलंच, "बहनजी, ये बास काहे की आ रही है?"

"दवाई है," मी म्हटलं. ते तसं खोटं नव्हतं.

उज्जैनला माझी मावसबहीण शोभाताई राहते. तिच्या सासरचे लोक शिंदेशाहीपासून तिथले. अर्धांगवायूने तिची एक बाजू गेली आणि माहेरी येणं, समुद्र बघणं संपलं. म्हणून भाऊजींनी इंदूरच्या दुकानातून काचेची मोठी टाकी आणली, समुद्राच्या पाण्यातल्या जिवंत माशांसकट. आता ते मासे मरायला लागले होते. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून भाऊजींचा फोन आला.

स्टेशनबाहेर ई-रिक्षावाला म्हणाला, "महाकाल?"

"टावर चौक."

"दर्शन नहीं करना?"

"मछली देखनी है."

त्याने मागे वळून एकदा पाहिलं आणि रिक्षा सुरू केली.

घर दुसऱ्या मजल्यावर. भाऊजी दारातच होते. "ये, ये सुधा. पहिले पोहे-जलेबी, मग पेशंट." पोह्यांवर शेव, शेवेवर कांदा. शोभाताई खुर्चीत टाकीसमोर बसली होती. तिने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

टाकीत तीन मासे उरले होते. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश कोपऱ्यात. हा समुद्रफुलाच्या डंख करणाऱ्या बोटांत राहतो आणि पाण्यातून वाहत येणारे बारीक जीव खातो. लांब चोचीचा पिवळा फुलपाखरू मासा जिवंत प्रवाळाच्या फटीत तोंड घालून त्यातलेच जीव टिपतो. इथे प्रवाळ प्लास्टिकचं होतं. तिसरा निळा सर्जन मासा, दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडणारा. तळाशी पांढरं काहीतरी फुगून पडलं होतं.

"हे काय?"

"आट्याच्या गोळ्या. राम घाटावर टाक, मासे कसे तुटून पडतात!"

संध्याकाळी भाऊजी पुरावा दाखवायला मला घाटावर घेऊन गेले. गोळ्या पडल्या आणि शिप्रा नदीतले मासे तोंडं वर करून एकमेकांवर चढले. भाऊजी विजयी. मी म्हटलं, "हे काहीही खातात. समुद्रात तसं नसतं. बांगडा तोंड उघडं ठेवून पोहतो आणि पाण्यातलं बारीक खाणं गाळून घेतो. मुडदुशी वाळूत तोंड खुपसून किडे शोधते. ज्याचं त्याचं घर, ज्याचं त्याचं ताट."

"म्हणजे नखरे," भाऊजी म्हणाले.

घरी आल्यावर ते पाणी बदलायला बसले. खालून बादली भरून आणताना दोनदा जिन्यात थांबले. मी बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"भाऊजी, हे गोडं पाणी आहे."

"गोडं? अगं, खारं आहे! बोरिंगचं. याच्यात डाळ शिजत नाही. दुकानदाराने सांगितलेलं, नल का मीठा पानी बिलकुल नहीं, खारा ही डालना. मी नळाचा एक थेंब घातला नाही."

आमच्याकडे खारं म्हणजे समुद्र. इथे खारं म्हणजे बोरिंगचं जड पाणी. ते दर रविवारी थोडा समुद्र काढत होते आणि तेवढं बोरिंगचं पाणी घालत होते.

मी ते सांगितलं. भाऊजी खाली फरशीवर बसले. "म्हणजे मीच?"

"हो." मला गोलगोल बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी इंदूरहून टाकीसाठीचं समुद्री मीठ मागवलं. एकदम घातलं तर मासे दगावतात, म्हणून थोडंथोडं. क्लाऊनफिशने जवळ्याच्या भुकटीला तोंड लावलं, गिळलं नाही, आणि त्याच रात्री गेला. फुलपाखरू मासा प्लास्टिकच्या प्रवाळाला चोच लावूनच मेला. सर्जन माशासाठी मी पालकाचं पान काचेला चिकटवलं. त्याने दोन घास घेतले.

"पालक! हा तर आपल्यातला निघाला," भाऊजी हसले. सकाळी तो आडवा तरंगत होता.

"शिप्रेत सोडू?" त्यांनी विचारलं.

"सोडा. आता कुठलंही पाणी चालेल."

निघायच्या दिवशी भाऊजी रिक्षा आणायला खाली गेले. शोभाताई सावकाश म्हणाली, "मला कळलं होतं गं."

"काय?"

"पाणी. हे माझ्या जिभेवर औषधाची गोळी ठेवतात, हात टाकीतून काढलेला, ओलाच. आधी खारट लागायचं. मग कमीकमी होत गेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्यांचे गुडघे बघितलेस? बादल्या चढवायचे. माझ्यासाठी करण्यासारखं दुसरं काय उरलं होतं त्यांना?"

खालून भाऊजींची हाक आली.

रत्नागिरीला परतले त्या संध्याकाळी जेट्टीवर गेले. बांगड्याच्या टोपल्या उतरत होत्या, बायका भावावरून भांडत होत्या. त्या गलक्यात भाऊजींचा फोन आला. मी मासे जगवायला गेले होते, एकही जगला नव्हता. आता आणखी काय?

"टाकी धुवून परत भरली," भाऊजी म्हणाले. "बरोबर मीठ मोजून."

"मासे आणलेत?"

"छे. आता हिंमत नाही. पाणीच बदलतो." मग म्हणाले, "पण एक सांग सुधा, गोळी दिली की तुझी ताई म्हणते, आता चव बरोबर आली. गोळीला कसली आलीय चव?"

मी म्हटलं, इथे फार आवाज आहे, नीट ऐकू येत नाही.