पाच बटणं

तो कॉम्प्युटरवाला इंजिनिअर धुळ्याहून एसटीने आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं.

जळगावच्या पाइप कारखान्यात युनिक्सचं मशीन, म्हणजे ऑर्डरींचा कॉम्प्युटर, माझ्या ताब्यात होतं. लाईट गेली की ते बॅटरीवर दहा मिनिटं तगायचं. तेवढ्यात ते नीट बंद करायचा पासवर्ड मला एकट्यालाच ठाऊक, म्हणून मी भरल्या ताटावरून उठून पळायचो. एकदा उशीर झाला, तर दोन दिवसांच्या ऑर्डरी पुसल्या गेल्या.

त्याने 'बंद' नावाचं लॉगिन केलं. त्याला पासवर्ड नाही, आणि मशीन नीट बंद करण्यापलीकडे दुसरं कामही नाही. मग b, a, n, d आणि एंटर या पाच बटणांवर ओळीने मराठी आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवून त्याने वॉचमन नानांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"बिघडी गयं ते?" बिघडलं तर काय, म्हणून नाना घाबरले.

मीही कुरकुरलो, "असं कोणीही बंद करेल!"

"करू द्या," तो म्हणाला. "नीट बंद केलेलं परत चालू होतं."

पुढच्याच आठवड्यात मी लग्नाच्या पंगतीत असताना लाईट गेली. सवयीने उठलो आणि परत बसलो. वरण-बट्टीवर आणखी तूप मागून घेतलं.

कारखान्यात गेलो, तर नाना फाटकातच उभे. "समदं बंद करी टाकं, भाऊ. तुम्ही पोटभर जेवनात ना?"