गडग्यावरचा घास

दुपार कलली तरी आमच्या दोन घरांमधल्या गडग्यावर भाताचा घास दिसेना, तेव्हाच मला कळलं. मनोहर भाऊजी, माझे धाकटे दीर, आरामखुर्चीत होते. डोळे मिटलेले, चेहरा एखादी लांबलेली चौकशी अर्ध्यावर सोडल्यासारखा... ते गेले त्याला आता महिना होऊन गेला.

भाऊजी फौजदार. मी लग्न होऊन किहीमला आले ती विज्ञानाची पदवी घेऊन, आणि ती नव्या पातेल्यासारखी वाजवत फिरायचे. रेवदंड्याच्या एका होडीमालकाच्या दहाव्याला भाऊजींबरोबर गेले, तीसुद्धा लोकांचं अज्ञान पाहायला. माणूस खाडीत बुडाला, असं सगळे म्हणत होते. कावळा काही पिंडाला शिवेना. बायको रडत म्हणाली, "पोरांना सांभालीन, घे रं आता." भागीदार म्हणाला, "होडी इकनार न्हाय." कावळे माडावर ढिम्म. मी बाजूच्या बायकांना कावळ्याच्या भुकेवर व्याख्यान देत होते. इतक्यात भाऊजी टोपी काढून पुढे झाले. "तुला मारणाऱ्याला मी शोधतो." मारणाऱ्याला! हा शब्द तोवर कुणी उच्चारला नव्हता. कावळा माझ्या कानाजवळून झेपावला आणि मी, विज्ञानाची पदवीधर, किंचाळून भटजींच्या पाठीमागे लपले.

पुढे तो भागीदारच पकडला गेला. "तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"सगळे कावळ्याकडे बघत होते, वहिनी. तो एकटा माझ्याकडे बघत होता."

"आणि मी?"

"तुम्ही डोळे गच्च मिटले होते."

पण त्यानंतर मेलेली माणसं त्यांना सोडीनात. थळची शेवंता विहिरीत सापडली. पाण्यातल्या आसरांनी ओढली म्हणत गावानं हात झटकले आणि भीतीपोटी तिचं दहावंही कुणी केलं नाही. "आसरा कानातल्या कुड्या काढून घेत नाहीत, वहिनी," भाऊजी म्हणायचे. वरच्यांनी प्रकरण मिटवलं. शेवंता ओल्या केसांनी पायरीवर येऊन बसते, असं भाऊजी अगदी शांतपणे सांगायचे... मी हसायचे. मग एकदा कडक उन्हात ती पायरी ओली दिसली आणि माझं हसणं थांबलं. त्यांची झोप गेली, बाटली आली, कालांतराने बाटलीही गेली. राहिला तो शेवंतेच्या नावाचा रोजचा घास. गडग्यावर एरवी पोळीचा तुकडा टिकत नाही, पण या घासाला कावळा कधीच शिवला नाही. संध्याकाळी मुंग्या न्यायच्या. "आजही नाही हो, वहिनी," एवढंच म्हणून ते आत जायचे.

भाऊजींच्या दहाव्याला माझा मुलगा म्हणाला, "काका, घर नीट ठेवू." कावळा हलेना. "तुमची बाटली मीच ओतून टाकायचे, झालं समाधान?" असं मीही म्हणून पाहिलं. नाहीच. मग मोठ्यानं म्हणाले, "भाऊजी, शेवंतेला मारणाऱ्याला मी शोधते."

कावळा आला. या खेपेला मी डोळे मिटले नाहीत आणि कावळ्याकडेही पाहिलं नाही. जमलेले सगळे पिंडाकडे बघत होते. एकजण माझ्याकडे.

त्याचं नाव इथे लिहीत नाही, पोलीस ठाण्यात सांगून आले आहे. तिथल्या तरुण साहेबांनी आजीबाईंना चहा पाजला, गालात हसले, पण लिहून घेतलं. घास आता मी ठेवते. काल कावळा त्याच्यापासून वीतभर अंतरावर येऊन बसला. शिवला नाही... पण उडूनही गेला नाही. मीही भाऊजींची आरामखुर्ची गडग्यापाशी ओढून बसले आहे. डोळे उघडे ठेवून.